इंडियानाच्या लढाईत नेमकं काय जिंकलं गेलं?

जॉर्जियाचे गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी 4 एप्रिल 2025 रोजी आपल्या राज्याच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यावर सही केली. नऊ वर्षांपूर्वी याच राज्यात याहून व्यापक विधेयक आलं होतं. तेव्हा डिस्नेने चित्रीकरण दुसरीकडे नेण्याचा इशारा दिला, अमेरिकन फुटबॉलच्या संघटनेने सुपर बोल हा आपला वार्षिक अंतिम सामना अटलांटाच्या हातून जाऊ शकतो असं सूचित केलं, आणि गव्हर्नर नेथन डील यांनी 28 मार्च 2016 रोजी विधेयकावर नकाराधिकार वापरला. या खेपेला तसा गदारोळ झाला नाही. त्यावरून जुना वाद पुन्हा उकरला गेला आणि पुन्हा तितकाच वाईट रीतीने लढवला गेला. तो वाद 2015 चा: इंडियाना राज्याने असाच कायदा केला, त्याच्या आडून समलिंगी गिऱ्हाइकांना नाकारलं जाईल म्हणून कंपन्यांनी राज्यावर बहिष्काराचं दडपण आणलं, आणि आठवड्यात कायदा दुरुस्त झाला. एक बाजू म्हणते, तेव्हा इंडियानात कंपन्यांनी समलिंगी नागरिकांचे हक्क वाचवले, आता त्याच कंपन्या घाबरून गप्प बसल्या. दुसरी बाजू म्हणते, तेव्हा पैशाच्या जोरावर लोकनियुक्त विधिमंडळाला गुडघे टेकायला लावलं होतं, आता कुठे लोकशाही ताळ्यावर आली. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात कंपनी आहे, सरकार आहे. ज्याला दुकानातून परत पाठवलं जाऊ शकतं तो माणूस मात्र कुठेच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंडियानाचा कायदा मूळ स्वरूपात चुकीचा होता आणि त्यावर आलेला आर्थिक दबाव योग्य होता. पण त्या दबावाने जे मिळवलं त्याला विजय म्हणणं ही फसगत आहे. नकोसं कलम मागे घ्यायला लावणं आणि हवा तो हक्क कायद्यात लिहून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैशाने होते. दुसरीला मतं लागतात, आणि ती मतं गोळा करण्याचं काम कुणी केलं नाही.

सुरुवात मूळ कल्पनेपासून करायला हवी, कारण विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच आहे. ओरेगनमध्ये दोन समुपदेशक होते. व्यसनमुक्ती केंद्रात काम करायचे. त्यांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी नावाचं निवडुंग सेवन केलं. पेयोटी अंमली पदार्थांच्या यादीत असल्यामुळे त्यांची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. 1990 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायदा सर्वांना सारखा लागू असेल तर धार्मिक आचरणासाठी त्यातून सवलत देणं संविधानाला बंधनकारक नाही. त्या निकालाने सगळेच हादरले. डावे, उजवे, यहुदी, बॅप्टिस्ट, नागरी हक्कवाले एकत्र आले आणि 1993 मध्ये संघराज्याचा धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा झाला. सेनेटमध्ये बाजूने 97, विरोधात 3. सही बिल क्लिंटन यांची. कायद्याचं सूत्र साधं होतं: सरकारच्या एखाद्या नियमामुळे कुणाच्या धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर त्या नियमामागे अत्यंत निकडीचं कारण आहे आणि ते साधण्याचा याहून सौम्य मार्ग नाही, हे सरकारने सिद्ध करावं. 1997 मध्ये न्यायालयाने हा कायदा राज्यांना लागू होत नाही असं ठरवलं, म्हणून एकेक राज्य आपापला कायदा करू लागलं.

ही कल्पना मला मनापासून मान्य आहे. कॅप्टन सिमरतपाल सिंग यांनी 2016 मध्ये पगडी आणि दाढीसह अमेरिकी लष्करात राहण्याचा हक्क मिळवला तो याच संघीय कायद्याच्या आधारे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेल्या, अफगाणिस्तानात काम केलेल्या त्या अधिकाऱ्याला सरकार सांगत होतं की शिरस्त्राण आणि गॅस मास्क नीट बसतो का हे पाहायला जादा चाचण्या दे. इतर सैनिकांना त्या चाचण्या नव्हत्या. अशा वेळी एकट्या माणसाच्या हातात सरकारला जाब विचारण्याचं साधन असावं की नसावं? असावंच. तेव्हा ‘धर्मस्वातंत्र्याचा कायदा म्हणजे भेदभावाचा परवाना’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी या पगडीचं उत्तर द्यावं.

पण इंडियानाचं विधेयक 1993 च्या कायद्याची नक्कल होतं, हा जो बचाव तिथले तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स त्या आठवड्यात करत राहिले, तो खरा नव्हता. दोन जागी फरक होता आणि सगळा जीव त्या दोन जागांमध्येच होता. ‘व्यक्ती’ या शब्दाच्या व्याख्येत नफ्यासाठी चालणारे धंदे स्पष्टपणे घातले होते. शिवाय सरकार पक्षकार असो वा नसो, न्यायालयात हा बचाव घेता येईल असं लिहिलं होतं. म्हणजे एका खाजगी माणसाने दुसऱ्या खाजगी माणसावर भेदभावाचा दावा लावला, तरी प्रतिवादी धर्माची ढाल पुढे करू शकणार. ही कलमं आकाशातून पडली नव्हती. 2013 मध्ये न्यू मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने एका छायाचित्रण कंपनीला सांगितलं होतं की समलिंगी जोडप्याला नकार दिल्याच्या दाव्यात राज्याचा धर्मस्वातंत्र्य कायदा तुमच्या कामाचा नाही, कारण समोर सरकार नाही. ती वाट इंडियानाने नेमकी उघडून दिली. त्यात वेळही पाहा. ऑक्टोबर 2014 मध्ये न्यायालयांमार्फत समलिंगी विवाह इंडियानात कायदेशीर झाले आणि 26 मार्च 2015 रोजी पेन्स यांनी खाजगी समारंभात या विधेयकावर सही केली. त्या प्रसंगाच्या छायाचित्रात त्यांच्या मागे धर्मगुरू आणि नन आहेत, आणि त्यांच्याच शेजारी समलिंगी विवाहाविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवणारे कार्यकर्ते उभे आहेत. कायदा कुणाच्या विनवणीवरून आला हे विचारायची गरज उरत नाही.

मग जे झालं ते आठवडाभरात झालं. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांनी इंडियानात जावं लागेल असे कंपनीचे सगळे कार्यक्रम रद्द केले. ही काही दुरून टीका करणारी कंपनी नव्हती. 2013 मध्ये तिने राज्याच्या राजधानीतली, इंडियानापोलिसची एक्झॅक्टटार्गेट ही कंपनी विकत घेतली होती, शेकडो लोक तिथे कामाला होते. अँजीज लिस्ट या तिथल्याच ऑनलाइन कंपनीने शहरातला 4 कोटी डॉलरचा विस्तार थांबवला, आणि तिचे प्रमुख बिल ओस्टरली हे पूर्वी रिपब्लिकन गव्हर्नरांच्याच प्रचाराचे सूत्रधार होते. शहरात भरणाऱ्या जेन कॉन या बैठ्या खेळांच्या मेळ्याला दरवर्षी 50,000 हून अधिक माणसं येतात. त्याच्या आयोजकांनी सहीच्या आधीच पत्र लिहून इशारा दिला होता. डिसायपल्स ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाचं मुख्यालय इंडियानापोलिसमध्येच आहे. त्यांनीही आपलं 2017 चं अधिवेशन हलवू असं कळवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण वाद जणू धर्म विरुद्ध निधर्मी असा रंगवला जातो. कनेटिकट, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन या राज्यांनी सरकारी खर्चाने इंडियानाला जायला बंदी केली. 4 आणि 6 एप्रिलला विद्यापीठांच्या बास्केटबॉलची अंतिम फेरी याच शहरात, आणि ती भरवणाऱ्या संघटनेचं मुख्यालयही याच शहरात. दूरचित्रवाणीवर पेन्स यांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं की या कायद्यामुळे दुकानदार समलिंगी गिऱ्हाइकाला नाकारू शकेल का, हो की नाही. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. 31 मार्चला इंडियानापोलिस स्टार या दैनिकाने बातम्या बाजूला सारून अख्खं पहिलं पान संपादकीयाला दिलं: हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. 2 एप्रिलला दुरुस्ती झाली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. निवडून आलेल्या विधिमंडळाने बहुमताने केलेला कायदा कॅलिफोर्नियात बसलेल्या एका कंपनीच्या मालकाने आठवड्यात फिरवला. त्याला कुणी निवडून दिलं होतं? उद्या याच वाटेने कामगार कायदे फिरवले गेले, प्रदूषणाचे नियम फिरवले गेले, तर टाळ्या वाजवणारे काय बोलतील? प्रश्न रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष रास्त नाही. लोकशाहीत मतदान हा शेवटचा शब्द असतो, एकमेव शब्द कधीच नसतो. मॉन्टगोमेरीत 1955 च्या डिसेंबरपासून 381 दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला, तेव्हा तिथला विभक्त बसण्याचा नियमही विधिमंडळानेच केलेला होता. 1990 मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी नाकारली आणि 1993 चा सुपर बोल तिथून पॅसाडेनाला गेला. 1992 मध्ये त्याच मतदारांनी ती सुट्टी मंजूर केली. त्या दोन मतदानांमधला फरक केवळ पैशाने घडवला असं म्हणता येणार नाही, पण पैशाचा वाटाही नाकारता येणार नाही. आणि आपल्याकडे विदेशी कापडाच्या होळ्या पेटवणाऱ्यांनी ब्रिटिश संसदेचं बहुमत मोजलं होतं का? कुठे जायचं, कुठे अधिवेशन भरवायचं, कुठे भांडवल घालायचं हे ठरवण्याचा अधिकार राज्य कुणाकडून काढून घेऊ शकत नाही. राज्याने भेदभावाला दार उघडावं आणि पाहुण्यांनी तरीही मुकाट येत राहावं, ही अपेक्षा कोणत्या लोकशाही तत्त्वात बसते?

दुसरा आक्षेप दांभिकपणाचा. ज्या देशांत समलैंगिकता हा गुन्हा आहे तिथे याच कंपन्या माल विकतात. ॲपलचे टिम कुक यांनी 29 मार्चला वॉशिंग्टन पोस्टमध्ये या कायद्यांविरुद्ध लेख लिहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून टीकाकारांनी सौदी अरेबियाचं नाव घ्यायला सुरुवात केली. आरोप खरा आहे. त्याने कंपनीची किंमत कमी होते, कायद्याची वाढत नाही. जिथे आपली माणसं राहतात, जिथे आपलं म्हणणं ऐकलं जाईल, तिथे बोलायचं नाही, कारण जिथे ऐकलं जाणार नाही तिथे आपण बोललो नाही, हा तर्क मान्य केला तर कुणालाच कधीच बोलता येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. अधिवेशन रद्द झालं की गव्हर्नरांचा पगार कमी होत नाही. कमी होतात ते हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईचे तास, सभागृहात खुर्च्या मांडणाऱ्या मुलाचे तास. शहराच्या पर्यटन संस्थेने पुढे सांगितलं की कायदा हे एक कारण असलेली 12 अधिवेशनं आणि 6 कोटी डॉलरपर्यंतचं उत्पन्न हातचं गेलं असावं. आणि हे शहर कोणतं? इंडियानापोलिसच्या स्थानिक नियमात समलिंगी व पारलिंगी नागरिकांना आधीपासून संरक्षण होतं. म्हणजे ज्या शहराने योग्य केलं होतं त्याच शहरावर राज्याच्या चुकीचा भुर्दंड पडला. याला पूर्ण उत्तर नाही. मॉन्टगोमेरीत वर्षभर पायी चालत कामाला गेल्या त्या मोलकरणी होत्या, आणि तिथेही सोसणारे गरीबच होते. पण तिथे चालायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. इंडियानापोलिसच्या वेटरला कुणी विचारलं नाही. म्हणूनच असा दबाव थोडक्या काळासाठी, स्पष्ट मागणीसाठी आणि मागणी पूर्ण होताच उठवण्यासाठी असावा लागतो. आणि मागणीही अशी असावी की सोसलेल्याला त्यातून काही मिळेल.

एक प्रकार मात्र मी कोणत्याही युक्तिवादाने झाकू शकत नाही. त्या आठवड्यात एका लहान गावातल्या पिझ्झाच्या दुकानात एका वाहिनीची बातमीदार गेली. समलिंगी जोडप्याच्या लग्नाला पिझ्झा द्याल का, असं तिने विचारलं. दुकानदाराच्या कुटुंबाने सांगितलं, दुकानात कुणीही आलं तरी वाढू, लग्नाला मात्र देणार नाही. कुणी मागितला नव्हता, कुणाला नाकारलाही नव्हता. तरी धमक्यांचा असा पाऊस पडला की दुकान काही दिवस बंद ठेवावं लागलं. मग दुसऱ्या बाजूने देणग्यांचा पाऊस पडला, 8 लाख डॉलरहून अधिक. या घटनेला राज्यावरच्या बहिष्काराच्या पंक्तीला बसवणं चूक आहे. महाराष्ट्राला हा फरक शिकवावा लागू नये. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यानंतर अस्पृश्यांची गावोगावी कोंडी झाली, काम बंद, धान्य बंद. बाबासाहेबांनी 1947 च्या आपल्या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली ती अशाच अनुभवातून. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा कायदा केला तोही त्यासाठीच. सत्तेच्या निर्णयाविरुद्ध सत्तेला किंमत मोजायला लावणं एक, आणि जमाव करून एका घराचं जगणं बंद पाडणं दुसरं. कायदा बदलण्याची ताकद ज्याच्या हाती आहे त्याच्यावर दबाव आणावा. मत मांडणाऱ्या दुकानदाराकडून पिझ्झा न घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, त्याचं घर जाळण्याची धमकी देण्याचा नाही.

आता त्या दुरुस्तीकडे बघू, कारण जल्लोष तिचाच झाला. 2 एप्रिलच्या दुरुस्तीने सांगितलं की सेवा, घर, नोकरी नाकारण्यासाठी धंदेवाल्याला या कायद्याचा आधार घेता येणार नाही. उत्तम. पण इंडियानाच्या राज्यव्यापी नागरी हक्क कायद्यात लैंगिक कल हा शब्दच नव्हता. ज्या गावात स्थानिक नियम नाही तिथे दुकानदाराला नकार द्यायला धर्माचा आधार लागतच नव्हता. तो 25 मार्चला ‘नाही’ म्हणू शकत होता आणि 3 एप्रिललाही. दोन दारांपैकी एकाला कुलूप लावलं आणि दुसरं सताड उघडं राहिलं. पुढच्या वर्षी ते दार बंद करणारं विधेयक आलं तेव्हा सेनेटमध्ये मतदानालाही न पडता ते विरलं. 2015 च्या मार्चसारखी पहिली पानं त्या दिवशी छापली गेली नाहीत. त्याच वर्षी सेल्सफोर्सने इंडियानापोलिसच्या सर्वांत उंच इमारतीला आपलं नाव देण्याची आणि नव्या 800 नोकऱ्यांची घोषणा केली. कंपनीने यात वचनभंग केला असं मी म्हणत नाही. तिची मागणी पूर्ण झाली होती. मागणीच तेवढी होती.

आर्कान्सामध्ये हेच अधिक उघडं दिसतं. तिथेही 2015 मध्ये असंच विधेयक आलं. वॉलमार्टचे प्रमुख डग मॅकमिलन यांनी नकाराधिकार मागितला. गव्हर्नर एसा हचिन्सन यांनी आपला मुलगाही विरोधाच्या अर्जावर सही करून बसला आहे असं जाहीरपणे सांगितलं, आणि विधेयक सौम्य होऊन 2 एप्रिललाच मंजूर झालं. पण त्याच अधिवेशनात, काही आठवडे आधी, आर्कान्साने आणखी एक कायदा केला होता: राज्याच्या कायद्यात नसलेलं संरक्षण कोणत्याही शहराने किंवा परगण्याने देऊ नये. तो तसाच राहिला. 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे फेएटव्हिल शहराचा भेदभावविरोधी नियम अवैध ठरवला. दोन कायद्यांपैकी समलिंगी नागरिकाचं अधिक नुकसान कशाने केलं? गाजला तो कोणता?

उत्तर कॅरोलायना हे तिसरं उदाहरण. 2016 मध्ये तिथे पारलिंगी लोकांनी कोणतं स्वच्छतागृह वापरावं हे ठरवणारा आणि शहरांचे भेदभावविरोधी नियम मोडीत काढणारा कायदा आला. ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपॅलने शार्लट शहरातलं 400 नोकऱ्यांचं केंद्र रद्द केलं, व्यावसायिक बास्केटबॉलच्या एनबीए या संघटनेने 2017 चा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला नेला, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 12 वर्षांत 376 कोटी डॉलरच्या नुकसानीचा हिशेब मांडला. मार्च 2017 मध्ये कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी आलेल्या कायद्याने शहरांना नवे भेदभावविरोधी नियम करायला डिसेंबर 2020 पर्यंत मनाई केली. विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने आपण नाखुशीने परततो आहोत असं सांगितलं आणि सामने परत दिले. नाखुशी नोंदवली गेली, सामने झाले, मनाई साडेतीन वर्षांहून अधिक काळ चालली.

तीन राज्यांत एकच गोष्ट दिसते. कंपनीला दुखणं जिथे थांबतं तिथे तिचा दबाव थांबतो. नागरिकाचं दुखणं त्याच्या बरंच पलीकडे असतं. यात कुणाची बदमाशी शोधण्याची गरज नाही. कंपनी भागधारकांची असते, तिला चांगली माणसं नोकरीला हवी असतात, गिऱ्हाईक तुटायला नको असतं. वारा फिरला की हिशेबही फिरतो. 2022 मध्ये डिस्नेने फ्लोरिडाच्या एका कायद्याला विरोध केला, तर विधिमंडळाने 1967 पासून चालत आलेला तिचा विशेष प्रशासकीय जिल्हाच काढून घेतला. 2023 मध्ये एका पारलिंगी तरुणीसोबत केलेल्या छोट्या जाहिरातीवरून बड लाइट बिअरवर उलट्या बाजूने बहिष्कार पडला आणि तिचा खप कोसळला. आर्कान्सात नकाराधिकार मागणाऱ्या वॉलमार्टने नोव्हेंबर 2024 मध्ये आपली विविधतेची अनेक धोरणं मागे घेतली. जॉर्जियातल्या शांततेचं कोडं मग कोडं राहत नाही. ज्यांनी 2015 मध्ये हक्क कंपन्यांच्या भरवशावर ठेवले, त्यांच्या हाती 2025 मध्ये काय उरलं?

श्रद्धावान दुकानदाराचा युक्तिवाद अजून बाकी आहे. तो म्हणतो, माझ्या सदसद्विवेकाविरुद्ध मला राबवू नका. केक करणारा, फुलं सजवणारा आपल्या हातांनी ज्या समारंभात सहभागी होतो तो त्याला पाप वाटत असेल, तर राज्याने त्याला का भाग पाडावं? या म्हणण्यात प्रामाणिक वेदना असू शकते, हे मी मानतो. धर्मगुरूला लग्न लावायला कुणी भाग पाडू नये. कुणाला स्वतःच्या शब्दांत न पटणारा मजकूर लिहायलाही भाग पाडू नये. पण तयार माल आणि सर्वांना देऊ केलेली सेवा यांना हा नियम लावला तर तो थांबणार कुठे? दक्षिण कॅरोलायनात पिगी पार्क नावाची खाणावळींची साखळी होती. तिच्या मालकाने 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध हाच बचाव घेतला होता: गोऱ्या-काळ्यांनी एकत्र जेवणं माझ्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे. तोही प्रामाणिक असेल. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव उघडपणे फोल म्हणून बाजूला सारला.

याबाबत आपल्या संविधानाने घेतलेला पवित्रा मला अमेरिकेपेक्षा सरळ वाटतो. धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 25 सुरू होतो तोच मुळी मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन राहून. आणि त्या इतर तरतुदींत अनुच्छेद 15 आहे, जो धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारायला मनाई करतो. सरकारलाच नव्हे, दुकानदारालाही. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा चालू असताना प्रश्न आला: दुकान म्हणजे नेमकं काय? धोबी, केशकर्तनालय यांचं काय? बाबासाहेबांनी उत्तर दिलं की दुकान म्हणजे अशी जागा जिथला मालक सेवा मागायला येणाऱ्या कुणालाही सेवा द्यायला तयार असतो, आणि हा अर्थ व्यापकपणे घ्यायचा आहे. ते उत्तर पोथीतून आलेलं नव्हतं. न्हाव्याने दाढी करायला नकार देणं, चहा वेगळ्या कपात मिळणं, पाणवठ्यावरून हाकललं जाणं, हे सगळं धर्माच्या नावाने पाळलं गेलं होतं आणि पाळणारे बहुतेक प्रामाणिकच होते. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, तरी चार वर्षांनी महाडला जाऊन ओंजळभर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. ठरावाने जे झालं नाही त्यासाठी पुढे संविधानात न्यायालयात मागता येईल आणि मोडणाऱ्याला शिक्षा होईल असा हक्क लिहावा लागला. आपली अंमलबजावणी लंगडी आहे, लैंगिक कल त्या यादीत शब्दशः नाही, हे खरं. पण दुकानाची पायरी कुणाच्या श्रद्धेवर सोडायची नाही, हा निर्णय घेऊन झालेला आहे.

अमेरिकेतही दुसरी वाट होती, आणि ती इंडियानाच्या दोनच आठवडे आधी चोखाळली गेली होती. मार्च 2015 मध्ये यूटासारख्या कट्टर रिपब्लिकन राज्याने मॉर्मन चर्च आणि समलिंगी हक्क संघटना यांना एका टेबलाशी बसवून कायदा केला. नोकरी आणि घर यांत समलिंगी व पारलिंगी नागरिकांना संरक्षण, आणि त्यासोबत धर्मसंस्थांना ठरावीक सवलती. दुकानं त्यात नाहीत, ही उणीव मोठी आहे. तरी तो हक्क लिहिलेला आहे. कुणा कंपनीचं मन बदललं म्हणून तो नाहीसा होत नाही.

इंडियानाचा दुरुस्त कायदाही पुढे अशा हातांत गेला की त्याच्या जनकांना कल्पना नसेल. 2022 मध्ये राज्याने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली, तेव्हा काही यहुदी आणि इतर श्रद्धांच्या स्त्रिया याच कायद्याखाली न्यायालयात गेल्या: आमच्या धर्मात आईच्या जिवाला आणि आरोग्याला अग्रक्रम आहे, ही बंदी आमच्या धर्माचरणावर भार टाकते. खालच्या न्यायालयाने त्यांना तात्पुरता दिलासा दिला आणि एप्रिल 2024 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो मूलतः उचलून धरला. धर्मस्वातंत्र्याचं साधन सरकारच्या विरुद्ध, एकट्या माणसाच्या हाती असलं की ते काय करू शकतं, याचं सिमरतपाल सिंग यांच्यानंतर मला दिसलेलं हे दुसरं चांगलं उदाहरण. तेव्हा जॉर्जियात आज भांडायचं असेल तर धर्मस्वातंत्र्याचा कायदा रद्द करा म्हणून भांडू नये. त्या राज्यात दुकान-हॉटेलांत भेदभाव रोखणारा राज्यव्यापी कायदाच नाही, वंश आणि धर्मासाठीही नाही. तिथे मुख्य आधार संघराज्याच्या 1964 च्या कायद्याचा, आणि त्यातल्या हॉटेल-उपाहारगृहांच्या तरतुदीत लैंगिक कल नाही. मागायचा तर तो कायदा मागावा.

आणि मागणी गावपातळीवरून सुरू होऊ शकते. इंडियानातलं कोलंबस हे शहर पुण्याला परकं नाही. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय तिथे, आणि कोथरूडहून तिकडे गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं त्या शहरात राहतात. मार्च 2015 मध्ये विधिमंडळाला पत्र पाठवणाऱ्या नऊ कंपन्यांत कमिन्स होती, आणि भेदभावासाठी या कायद्याचा आधार घेता येणार नाही हे पक्कं करा, अशी त्या पत्राची मागणी होती. भेदभावालाच मनाई करणारा कायदा मात्र राज्याने केला नाही. कोलंबस हे माइक पेन्स यांचं जन्मगाव. त्याच वर्षी तिथल्या नगर परिषदेने आपल्या मानवी हक्क नियमात लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द मतदानाने घातले.